घाट रिकाम्या सायकलीनं

कोळदऱ्याचा घाट निवृत्तीकाका रोज चढायचा, पण रिकाम्या सायकलीनं तो कधीच चढला नव्हता.

आमचा बुद्धवाडा घाटमाथ्यावर, पाच घरांचा. खाली दरीच्या तोंडाशी झरा आणि तिथून पुढे जळकोटचा बाजार. सायकल पाचही घरांनी मिळून घेतलेली, म्हणून तिच्यावर पाचही घरांचा हक्क. चालवणारा मात्र एकटा काका, कारण भरल्या सायकलीनं घाट चढणं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. माझे वडील व्यंकटी पहिल्याच वळणावर उतरून ढकलायला लागायचे. काका उतरायचा नाही. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना पाण्याचे डबे, हँडलला कुणाचं रॉकेल, कुणाचं दळण, आणि बऱ्याचदा दांडीवर एखादा माणूस. "निवृत्ती, खाली चाललास का?" असं कुणी विचारलं की सायकलीला काहीतरी टांगलं जाणार हे ठरलेलं. समोरून रिकामी सायकल जाताना आमच्याकडे कुणाला बघवतच नाही.

हा रस्ता बहात्तरच्या दुष्काळातला. तेव्हा काकाला नुकतं मिसरूड फुटत होतं. आईच्या शेजारी बसून खडी फोडायची, दुपारी सरकारनं वाटलेली सुकडी खायची, पुन्हा खडी. काम संपलं त्या दिवशी मुकादम सायकलवर बसला आणि पाय उचलून, शीळ घालत घाट उतरून गेला. ते काकाच्या मनात कायमचं रुतून बसलं. "रस्ता आमी फोडला आन् मजा त्यानं मारली," असं तो चाळिशी जवळ आली तरी म्हणायचा.

लातूर जिल्हा झाला तेव्हा आम्हीही गुलाल उधळला होता. कामासाठी पार उस्मानाबादला जायचे हेलपाटे वाचले. पण पुढे पावसानं पाठ फिरवली. माथ्यावरचा आड आटला. टँकरच्या ऐवजी टँकर येणार असल्याचा निरोप यायचा. जिल्हा जवळ आला आणि पाणी लांब गेलं. काकाच्या खेपा वाढत गेल्या. त्याचं बोलणं कमी झालं आणि चिडणं वाढलं.

मी नांदेडला तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला होतो. त्या वर्षी श्रावण कोरडाच चालला होता. गावी आलो तर जळकोटच्या भिंतींवर पत्रकं लागलेली: जिल्ह्याच्या वाढदिवसानिमित्त सायकल शर्यत. जळकोटातून निघायचं, घाट चढायचा, माथ्यावरून पुढच्या फाट्यावर ठेवलेल्या ड्रमला वळसा घालायचा आणि त्याच रस्त्यानं परत. पहिलं बक्षीस नवी कोरी सायकल, गुरुबसप्पा सावकारांच्या दुकानातर्फे.

काकानं पत्रक माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"नवी म्हंजी आपल्या नावावर ना?"

"हो, जिंकणाऱ्याच्या नावावर."

"मग तिच्यावर कुनी डबा टांगनार न्हाई. हात लावू देनार न्हाई मी कुनाला."

बोलताना तो आमच्या सायकलीकडे बघत होता. हँडलला कुणाची तरी तेलाची बाटली लोंबत होती.

विहारात वंदना झाल्यावर विषय निघाला. एक दिवस सायकल शर्यतीला जाईल, त्या दिवशी पाण्याची खेप होणार नाही, असं काकानं सांगितलं. मग नागुबाई बोलली. ती काकाची आत्या, वाड्यात सगळ्यांत म्हातारी.

"शर्यत कंच्या रस्त्यानं हाय म्हनलास?"

"ह्याच की, घाटानं."

"मंग झालं की! झऱ्यावरनंच तर जातोस. जाता जाता माझा तेवढा एक डबा टाक."

"आत्ये, शर्यत हाय ती! पळवायची असती सायकल."

"पळीव की. मी कुठं धरून ठिवलंय?"

सगळे हसले. काका हसला नाही. "एक दिवस," तो म्हणाला, "एक दिवस माझ्यावर काय बी टांगू नका. तेवढंच मागतोय." शेवटी वडिलांनी शब्द दिला की त्या दिवशी ज्यानं त्यानं आपलं पाणी आणायचं.

आदल्या दिवशी मी पाना घेऊन बसलो. स्टँड काढला, चेनकव्हर काढलं, मडगार्ड काढले. कॅरिअरचे नट गंजून धरले होते, ते रॉकेल सोडून सोडून सैल केले. कॅरिअर निघालं तेव्हा काकाची बायको चांगुणाकाकू दारातून म्हणाली, "आता ह्याच्यावर ठिवायचं कुठं?"

"काय ठिवायचंय?" काका कडाडला.

"न्हाई, म्या आपलं इचारलं."

काकानं सायकल एका हातानं उचलून पाहिली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग लहान पोरासारखा माझ्याकडे बघून म्हणाला, "बिलकुल वजनच न्हाई रं हिला!"

शर्यतीला उदगीर-अहमदपूरची कॉलेजची पोरं आली होती, पातळ चाकांच्या सायकली घेऊन, रंगीत टोप्या घालून. आमची काळी सायकल बघून एकानं विचारलं, "मामा, दूध घालायला निघालात का?" काकानं वाकून टायर दाबून पाहिलं. मी आधीच जाऊन घाटाच्या मधल्या वळणावर उभा राहिलो. तिथून खालचा सगळा रस्ता दिसतो.

सपाटीवर काका मागे पडला होता. घाट लागला आणि एकेक टोपी मागे राहू लागली. पोरं सीटवरून उठून, अंग हलवून जोर लावत होती. काका बसल्या जागी चालवत होता, रोजच्यासारखा, फक्त रोजच्या दुप्पट वेगानं. झऱ्याच्या वरच्या वळणापर्यंत तो पहिला झाला. मागं फक्त उदगीरचा मलप्पा, गिअरची सायकल असलेला, आणि त्याचंही अंतर वाढत चाललं होतं. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

तेवढ्यात मला नागुबाई दिसली.

ती डोक्यावर पाण्याचा डबा घेऊन कडेकडेनं चढत होती. मागून चेनचा आवाज आला तशी वळली. डोक्यावरचा डबा उतरवला, रस्त्याच्या मधोमध आली आणि दोन्ही हातांनी डबा पुढे धरून उभी राहिली. तिनं हाक मारली नाही, काही मागितलंही नाही. सायकल आली की डबा द्यायचा, हे तिच्या हातांना इतकं सवयीचं झालं होतं.

"थांबू नको!" मी वरून ओरडलो. "काका, कडंनं काढ!"

काकाचं चाक एकदा उजवीकडे वळलं, मग डावीकडे. आणि ब्रेक लागला.

"आत्ये, काय करायलीस तू!"

"आरं, तूच व्हय! बरं झालं बाबा, गुडघे गेले माझे. धर."

"आगं, शर्यत चालू हाय!"

"चालू दे की. एवढा ने, म्या येते सावकाश."

काका डबा घेऊन मागं वळला आणि तसाच थबकला. कॅरिअर नव्हतं. डबा हातात धरून तो रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मलप्पा घंटी वाजवत पुढे गेला. मग काकानं डबा हँडलला अडकवला, सायकल पळवत तिच्यावर उडी मारली आणि चढू लागला. पुढचं चाक डब्याकडे ओढत होतं, पाणी गुडघ्यावर सांडत होतं. माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी पळत पळत डबा काढून घेतला.

"कॅरिअर कशाला काढलंस रं!" एवढंच तो ओरडला आणि गेला.

परतीच्या उतारावर त्यानं ब्रेकला हातच लावला नसावा. जळकोटात तो मलप्पाच्या मागच्या चाकाला चाक लावून शिरला, पण मागूनच.

मी घाट उतरून जळकोटात पोचलो, तोवर बक्षिसाचा मांडव भरला होता. मलप्पा काकाजवळ आला. "मामा, खरं सांगू का? तुम्ही घाटात थांबला नसता तर मला तुमची पाठसुद्धा दिसली नसती." पोरगा मनापासून बोलत होता. काकाला ते जास्तच लागलं. नवी सायकल जीपच्या टपावर बांधली जाताना तो बघत होता. तिच्या कॅरिअरवरचा कागदसुद्धा अजून फाडलेला नव्हता.

दुसरं बक्षीस होतं स्टीलची कळशी.

"घ्या," गुरुबसप्पा कौतुकानं म्हणाले, "वर पाण्याची लई अडचण हाय म्हणे. रोज उपयोगी पडंल."

काकानं कळशी घेतली, हात जोडले आणि ती हँडलला अडकवली. मी दांडीवर बसलो. घाटाच्या पायथ्यापर्यंत तो नुसता पॅडल मारत राहिला. कळशी प्रत्येक खड्ड्याला वाजत होती.

झऱ्यावर आमच्या वाड्यातल्या बाया वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. कळशीचा आवाज ऐकून चांगुणाकाकूनं मान वर केली. "आगं बया, कळशी मिळाली! आणा इकडं, भरून देते. जाताच हाव तर माझ्या दोन घागरी बी..."

काकानं एक पाय टेकवला.

"उतर," तो मला म्हणाला.

"काय झालं?"

"तू बी उतर."

मी उतरलो. त्यानं पॅडलवर जोर दिला आणि निघाला. "आवो, रिकामी न्हेली की कळशी!" काकू ओरडली. "निवृत्ती! आरं निवृत्ती!" बाकीच्या बायाही ओरडल्या. त्यानं मागं पाहिलं नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. सायकल दिसेनाशी झाली तरी वरून कळशी हँडलवर आपटल्याचा आवाज येत होता, भराभर, घाट उतरणाऱ्याचा यावा तसा.

काकू थोडा वेळ वर बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या दोन्ही रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि भरलेली घागर उचलली.

"धर," ती म्हणाली.