डिमेलो मास्तरांचा जर्मन ट्युबा

ट्युबा वाजवणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. कारण अगदी सोपं आहे. ट्रम्पेटवाला सारखा वाजवत असतो, क्लॅरिनेटवाल्याला धड श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि ट्युबावाला? बँडमध्ये सगळ्यात मागे तो भलामोठा पितळी भोंगा पोटाशी धरून उभा राहायचं, एक 'पॉम्' करायचं आणि पुढच्या 'पॉम्'पर्यंत मोकळं! त्या मोकळ्या वेळात शेजाऱ्याची निंदा करायची नाही तर काय करायचं? ऐंशीच्या दशकात मी आठ वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्युबा वाजवला. सूर किती लागले ते विचारू नका, किस्से मात्र ढीगभर जमले.

दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की अंधेरीला आंबोली गावठाणात ट्युबा शिकवणाऱ्या डिमेलो मास्तरांच्या ओट्यावर आम्ही पाच-सहा ट्युबावाले जमायचो. मी बोरिवलीहून यायचो. मिस्साशी माझा संबंध नव्हता, पण मास्तरांच्या घरच्या डुकराच्या झणझणीत सॉर्पोतेलशी होता. विषय कायम एकच. कोण कुठल्या ऑडिशनला कुठला ट्युबा घेऊन गेला आणि जिंकला! त्याने वाजवलं कसं, हे कुणी विचारायचं नाही. मंडळींची पक्की खात्री होती की नोकरी ट्युब्यालाच मिळते, माणूस फक्त तो उचलून नेतो.

असले मूर्ख मी पुन्हा कुठे पाहिले नाहीत. त्यात मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

*

आमच्यातला सगळ्यात मोठा तज्ज्ञ सावंत. चारकोपला एका कारखान्यात फिटर होता, त्यामुळे पितळेवर शेवटचा शब्द आपलाच, असं त्याचं मत. ट्युब्यावर टिचकी मारायचा, कान लावायचा आणि डॉक्टरसारखी मान हलवायचा. "पत्रा जाड आहे रे. वाट लागली सुराची!"

एकदा मुलुंडचे एक म्हातारे ट्युबावाले वारले. तीस वर्षं मोठमोठ्या ऑर्केस्ट्रात वाजवलेला माणूस. आम्ही सगळे भेटायला गेलो. बाहेरच्या खोलीत काकी बसल्या होत्या, रडून रडून आवाज बसलेला. सावंत पुढे झाला, हात जोडले आणि म्हणाला, "फार वाईट झालं काकी. तीन वॉल्व्हचा होता का चारचा?"

आम्हाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काकींनी मात्र त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. त्या असल्या लोकांत तीस वर्षं राहिलेल्या होत्या ना!

"आत आहेत ते," त्या म्हणाल्या. "आधी त्यांना बघून ये. मग त्याला बघ."

सावंत आत गेला आणि बाहेर आला. बाहेर येताच माझ्या कानात म्हणाला, "चारचा आहे!"

*

आता माझा मूर्खपणा. बोरिवलीच्या एका पोराला एका नामी ऑर्केस्ट्रात जागा मिळाली. सावंतने शोध लावला की तो ऑडिशनच्या आदल्या दिवशी ट्युबा चिंचेच्या कोळाने घासतो. बस! त्या आठवड्यात अंधेरी ते बोरिवली एकाही ट्युबावाल्याच्या घरी आमटीत घालायला चिंच उरली नाही.

मी जरा जास्तच हुशार. बाहेरून घासून इतकं होतं, तर आतून घासून किती होईल? मी वॉल्व्हमध्येच कोळ ओतला. दुसऱ्या दिवशी घाटकोपरला वरात होती. दुसऱ्याच गाण्याला सूर बदलायचे तिन्ही वॉल्व्ह चिकटून बसले. काही केल्या हलेनात! मग काय, स्टेशनपासून मंडपापर्यंत मी एकच सूर वाजवला. गाणी बदलली, नाचणारे बदलले, माझा सूर तोच.

मंडपाशी नवऱ्या मुलाचे मामा मुद्दाम मला शोधत आले. मला वाटलं, आता हा हाणतो. तर त्यांनी माझा हात हातात घेतला. "सगळ्या बँडमध्ये तू एकटा ठाम होतास बघ!"

आमचं वाजवणं ऐकणारे लोकही आमच्याच लायकीचे होते.

*

या सगळ्या वेड्यांच्या बाजारात एक माणूस खरा अडचणीत होता. बावतीस. वर्सोव्याचा ख्रिस्ती कोळी. घरची होडी, थोरला भाऊ पेद्रू ती चालवायचा. आणि बावतीसला होडीत पाय ठेवला की उलटी व्हायची! नुसत्या खाडीतसुद्धा. वर्सोव्याहून मढला जायची ती एवढीशी फेरी, बाया मांडीवर टोपल्या घेऊन गप्पा मारत पलीकडे उतरतात, तिथे हा पठ्ठ्या काठाला धरून ओकायचा. कोळीवाड्यात त्याला किती हसत असतील, विचार करा.

म्हणून तो बँडमध्ये आला. पण वराती काही वर्षभर नसतात. बायको फिलोमिना मासळी सुकवून विकायची, त्यावर घर चालायचं. बावतीसची सगळी आशा एका सरकारी बँडवर होती. कायमची नोकरी, गणवेश, क्वार्टर. दोनदा ऑडिशन दिली, दोनदा नापास. आता वयाच्या अटीने शेवटची संधी राहिली होती. पेद्रूने तर सरळ सांगून टाकलं होतं, "या टायमाला नाय झाला तर नारळी पुनवेला होडीवर यायचा. बस झाली तुजी पोंपों!"

बावतीसने हे आम्हाला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा आत्ताच होडीत बसल्यासारखा झाला होता. कुणीतरी धीर द्यावा की नाही? सावंत म्हणाला, "तुझा प्रॉब्लेम तू नाहीस रे. तुझा तो बंब आहे!"

बंब म्हणजे बावतीसचा ट्युबा. मेरठला बनलेला, देशी, चकचकीत, पत्रा पातळ, एका बाजूला डाग दिलेला. सावंतच्या मते त्यात फक्त अंघोळीचं पाणी तापवावं. आम्ही सगळे हसलो. बावतीसही हसला, कारण बाकी काय करणार?

*

त्याच बंबाचा एक किस्सा सावंत कधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

गोरेगावला एका स्टुडिओत बँडचा सीन होता. आमच्यातल्या दोघा ट्युबावाल्यांना बोलावलं, सावंत आणि बावतीस. सावंतने मास्तरांकडून खास त्यांचा जर्मन ट्युबा मागून नेला. हा ट्युबा म्हणजे आमच्या ओट्यावरचं दैवत. मास्तरांना तो कुठल्याशा जहाजावरच्या बँडमधून मिळालेला. काळपट, पोचे पडलेला, पण दोन ऑडिशन जिंकलेला!

स्टुडिओत असिस्टंट आला. त्याने जर्मनकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "ये कबाड किधर से लाया? वो चमकनेवाला आगे लो!"

बावतीसचा बंब कॅमेऱ्यासमोर पहिल्या रांगेत. सावंतच्या हातात दिली छत्री आणि उभा केला नवरदेवाच्या मागे. दिवसभर! जर्मन ट्युबा कोपऱ्यात पडून, त्यावर लाइटवाल्याने आपला शर्ट वाळत घातलेला.

रविवारी ओट्यावर सावंत म्हणाला, "कॅमेऱ्याला काय रे सूर कळतो?" आणि आम्ही माना डोलावल्या. माना डोलवण्यात आमचा हात कुणी धरला नसता.

*

आता त्या सरकारी ऑडिशनचं सांगतो.

त्या वर्षी वशिल्याच्या तक्रारी झाल्या म्हणून साहेबांनी नवा नियम काढला. परीक्षक पडद्याआड बसणार. उमेदवाराचं नाव नाही, तोंड नाही, फक्त नंबर आणि सूर. झकास नियम! साध्या माणसाला वाटेल, आता चांगलं वाजवायला हवं. आम्हाला वाटलं, आता जर्मन ट्युबा हवाच!

मास्तर ट्युबा द्यायला नाही म्हणत नसत. त्यांची अट एकच. त्यांच्यासमोर बसून परीक्षेला नेमलेला मार्च, म्हणजे कवायतीची धून, थेट त्यांच्यासारखा वाजवून दाखवायचा. "इथे श्वास घे. इथे नको घेऊस. हा सूर दाब. शेवटचा लांबव, अजून लांबव!" जरा वेगळं वाजवलं की छडी ओट्यावर आपटायची. थेट त्यांच्यासारखं आलं की म्हणायचे, "घेऊन जा." महिनाभर आम्ही पाच जण रोज कामावरून सुटून तिथे घासत होतो. सहावा बावतीस. त्याला ते शेवटपर्यंत नीट जमलं नाही. मास्तर दरवेळी कपाळाला हात लावायचे, पण पेद्रूची धमकी त्यांनाही ठाऊक होती. शेवटी त्यालाही "घेऊन जा" म्हणाले.

तर मास्तर सहाही जणांना "घेऊन जा" म्हणाले होते. वेगवेगळ्या दिवशी. तारीख कुणालाच विचारली नाही!

ऑडिशनच्या दिवशी मुलुंडच्या बाजूला एका सरकारी आवारात आम्ही सहा जण उभे. माउथपीस ज्याच्या त्याच्या खिशात आणि ट्युबा एक. सावंतने तिथल्या तिथे तोडगा काढला. पुढच्या दाराने आत जायचं, मागच्या दाराने बाहेर यायचं, असा नियम होता. आत काय विचारतात ते रांगेत फुटू नये म्हणून. "सोप्पं आहे," सावंत म्हणाला. "मागून बाहेर पडायचं आणि पळत पुढे आणून द्यायचा!"

पहिला वाजवून आला, हॉलला वळसा घालून चिखलातून पळत आला, ट्युबा दुसऱ्याला दिला. दुसऱ्याने मला. मी तिसरा. नंबर पुकारणारा कारकून दारातच बसलेला. त्याने पहिल्यांदा तो पोचे पडलेला ट्युबा पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला, तिसऱ्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि चौथ्या वेळी उठून ट्युब्यासाठी दार उघडून धरलं. पण बोलला एक अक्षर नाही. सरकारी माणूस!

पाचवा सावंत. आम्ही खिडकीखाली कान लावून होतो. उत्तम वाजवलं त्याने, थेट मास्तरांसारखं. आम्हीही तसंच वाजवलं होतं. आता बावतीसची पाळी. तो पुढच्या दाराशी रिकाम्या हातांनी उभा, माउथपीस मुठीत घट्ट. "नंबर सहा!"

सावंतचा पत्ता नाही.

मी मागे धावलो. तर हे महाशय मागच्या पायरीवर ट्युबा मांडीवर घेऊन बसलेले! "राणे, ऐकलास शेवटचा सूर? लोणी रे लोणी! थांब जरा, दम खाऊ दे."

"अरे, बावतीसचा नंबर पुकारला!"

"मग? वयाच्या अटीने पुढच्या वर्षी तसाही गेलाच तो. दोन मिनिटांनी काय होतंय?"

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. त्याच्या एक थोबाडीत द्यायला हवी होती. दिली नाही. ट्युबा ओढून घेतला आणि पळत सुटलो. पुढच्या दाराशी पोचतो तर बावतीस तिथे नाही!

फाटकाजवळच्या झाडाखाली फिलोमिना उभी होती, हातात एक रिकामी गोधडी. सकाळी वर्सोव्याहून बस बदलत बदलत ती तो बंब गोधडीत गुंडाळून घेऊन आली होती. आम्ही तिला बघून हसलोही होतो. नंबर दुसऱ्यांदा पुकारला तशी ती सरळ दारापर्यंत गेली होती आणि तो बंब तिने नवऱ्याच्या हातात दिला होता. "घे हा. तो येल तवर काय हात हलवीत उभा ऱ्हाशील?"

खिडकीतून बंबाचा आवाज आला. मास्तरांची छडी डोळ्यांपुढे ठेवायलाही बावतीसला वेळ मिळाला नव्हता. नको तिथे श्वास, दाबायचा तो सूर मोकळा सोडलेला. कोळीवाड्यात हळदीला वाजवायचा तसा त्याने तो सरकारी मार्च वाजवला. मार्च संपला.

मग पडद्यामागून साहेबांचा आवाज आला. "चला! दुसरा माणूस आला एकदाचा!"

*

बावतीसला नोकरी लागली. नारळी पौर्णिमेला पेद्रूच्या होडीला नारळ दिला तो गणवेशात, काठावर उभं राहून.

सरकारी बँडमध्ये वाद्य सरकारी, त्यामुळे बंब घरीच पडून राहिला. पुढच्या रविवारी आंबोलीच्या ओट्यावर कुणीच फिरकलं नाही म्हणे. मास्तर आणि त्यांचा जर्मन, दोघेच बसून होते.

मला हे ऐकूनच माहीत, कारण मी वर्सोव्याला होतो. दुपारी बाराच्या सुमारास सावंत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात केळ्यांचा घड. फिलोमिना दारात बोंबील वाळत घालत होती. सावंतने घसा साफ केला.

"वहिनी, पुढच्या वर्षीच्या ऑडिशनसाठी... तो बावतीसचा... मेरठवाला..."

फिलोमिनाने मान वर न करता आत बोट दाखवलं.

"बाकावर बस जा. तुजा नंबर चवथा."

आत बाकावर आम्ही तिघं बसलेलो होतो. तिसरा मी.