किसनच्या बागेतला ताग

आता काय सांगू तुम्हाला, दुसऱ्याचं भलं करायला गेलो आणि स्वतःच्या वांग्यांना उपाशी ठेवून बसलो. चहा घ्या, मग ऐका.

आमचा शेजारी किसन. धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून त्याची संत्र्याची बाग. जमीन मुरमाड, झाडं पिवळी पडलेली. यंदा हिरवी झाली नाहीत तर उपटून टाकतो, असं तो बोलून बसला होता. त्यात शेतकीचा एक साहेब येऊन गेला आणि किसननं झाडांच्या ओळींमध्ये ताग पेरला. साहेब कुठला, लग्न झालंय का, घोड्यावर आला की बैलांच्या दमणीत, हे सगळं मी विचारून घेतलं. शेजारी म्हटल्यावर चौकशी नको?

श्रावणात किसन बहिणीकडे मंगरूळपीरला गेला. बागेत ढोरं शिरू देऊ नका, एवढं मला सांगून गेला.

ढोरं शिरली नाहीत. मी शिरलो.

ताग खांद्याइतका वाढलेला, वर पिवळी फुलं. मनात म्हटलं, हा बहिणीकडे पुरणपोळ्या खातोय आणि इकडे पीक निबर होतंय. आपल्याकडे ताग कशासाठी लावतात? दोरासाठी. कापायचा, पाण्यात कुजवायचा, सोलायचा. मी माणसं लावली, सगळा ताग कापला, पेंढ्या बांधल्या आणि नाल्यात दगडाखाली दाबून ठेवल्या. एक काडी मागं ठेवली नाही. काम करावं तर नीट करावं.

किसन परत आला तो भाऊजींचा लोखंडी नांगर गाडीत घालून. बागेच्या तोंडाशी त्यानं बैल थांबवले.

"दादा, ताग कुठी गेला?"

"नाल्यात. मस्त सडून राह्यला. तू काई काळजी करू नको."

तो गाडीतून उतरला आणि चाकाला टेकून बसला. "तो अथी बागेतच सडवाचा होता. फुलावर आला का नांगरून मातीत गाडाचा. त्याचंच खत होते झाडायले. त्याच्यासाठीच तं नांगर आणला."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगून राह्यलो होतो. तं तुमी मधातच विचारलं, साहेबानं भाकरी किती खाल्ल्या."

भाकरी तीन खाल्ल्या होत्या, ते मात्र पाठ होतं.

आता झाडांना खायला काय घालायचं? किसन भांडला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला आणि माझ्या उकिरड्यापाशी उभी केली. वांग्यांसाठी राखलेलं शेणखत खेपेखेपेनं त्याच्या बागेत गेलं. मीच भरून दिलं.

दिवाळीपर्यंत त्याची संत्री हिरवीगार झाली. माझी वांगी सुपारीएवढी. बाजारात नेली तर बाई म्हणाली, वाळवून आणलीत का?

ताग किसननं घेतला नाही. तुमचा हाय, म्हणाला. हिवाळाभर मी दोर वळत बसलो. ढोरांना झाले, मोटेला झाले, पाहुण्यांना वाटले. एक लांब दोर मात्र घरवालीनं बाजूला काढून ठेवला.

"म्हशीले बांधाले काय?" मी विचारलं.

"तुमाले," ती म्हणाली. "विहिरीपर्यंत पुरते, किसनच्या धुऱ्यापर्यंत पुरत नाही. मोजून पाह्यला."