शुक्रवार पेठेच्या वळणावरचा गर्डर

कामावर मिस्त्री घ्यायचा असला की रुपाली कलशेट्टी त्याला काहीच विचारत नाही. त्याने मागच्या वर्षी जिथे काम केलं त्या घरी जाते आणि घरातल्या बाईला दोन गोष्टी विचारते. राडारोडा कोणी उचलला? आणि काम संपल्यावर हाक मारली तर आला का? भिंत सरळ आहे की वाकडी, ते तिला डोळ्यांनी कळतं. बाकीचं त्या बाईच्या चेहऱ्यावर कळतं.

मंद्रूपची ही पोरगी लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला साधा बल्बसुद्धा बदलता येत नव्हता. शेजारचं कुटुंब पुण्याला गेलं आणि फ्लॅटची किल्ली तिच्याकडे ठेवून गेलं. एक दिवस भाडेकरू तिच्या दारात उभा : नळ तुटलाय, पाणी आलंय, घरात तळं झालंय. रुपालीने मुख्य कॉक शोधून बंद केला, प्लंबर धरून आणला आणि तो जाईपर्यंत त्याच्या डोक्यावर उभी राहिली. त्या एका किल्लीमागे बाकीच्या आल्या. आज पुण्याला, बंगळुरूला राहणाऱ्या मालकांची घरं तिच्या भरवशावर भाड्याने चालतात. कुठल्या पेठेत पाणी कोणत्या दिवशी सुटणार हे तिला पाठ, आणि गिलावा, फरशी, टाकीची दुरुस्ती सगळं त्या हिशेबाने लावलेलं. घरात हातोडा वाजला की इतर बायका कपाळाला हात लावतात. रुपालीचा चेहरा लग्नघर असल्यासारखा फुलतो.

मागच्या दिवाळीत तिने स्वतःचं घर घेतलं. शुक्रवार पेठेत, गल्लीच्या अगदी टोकाला, दुमजली. बँकेचं कर्ज काढून, दागिने गहाण टाकून. वरच्या दोन खोल्या दुरुस्त करून भाड्याने द्यायच्या होत्या. खाली गुलबानोआपा आधीपासूनच भाड्याने राहत होत्या. नवरा गेल्यापासून दोन मशिनींवर परकर शिवून त्यांनी मुलींची लग्नं लावून दिली होती.

घर नावावर झालं आणि महिन्याभरात आपांच्या खोलीवरची तुळई खाली आली. म्हणजे पडली नाही, झोळीसारखी वाकली. कोरून बघितलं तर आत वाळवीने भुगा केलेला. इंजिनिअर आला, टॉर्च मारली आणि सरळ बोलला : "अखंड लोखंडी गर्डर घाला. तो बसला तर घर उभं राहील. नाहीतर उतरवून टाका. तोवर खाली कुणी बसायचं नाही."

घर उतरवलं तर आपा रस्त्यावर, आणि रुपालीच्या गळ्यात फक्त कर्ज. लोखंडी टेकू लागले, आपा मशिनींसकट रुपालीच्या राहत्या घरी हॉलमध्ये आल्या, टीव्हीसमोर परकरांचे ढीग पडले.

रुपालीने कामाला लावला गुरुसिद्धप्पा. दोन घरच्या बायकांनी त्याच्याबद्दल चांगलं सांगितलं होतं. दोघांनी मिळून खोली मोजली, भिंतीत काँक्रीटचे ठोकळे बसवले, दार मोजलं. दार तर गल्लीकडे तोंड करून होतं, सोळा फुटी गर्डर बाणासारखा सरळ आत जाणार. रुपाली इतकी खूश की तिने फोनवरच गर्डर पाठवायला सांगितलं.

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लागला. हमालांनी गर्डर उचलला, पन्नास पावलं आणला आणि वळणावर अडकला.

रोज ज्या वळणावरून ती स्कूटर काढत होती ते तिने मोजलंच नव्हतं. एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला भिंतीचा कोपरा, आणि ते संपायच्या आत दुसरं वळण. गर्डर पुढे जाईना, मागे येईना. ओट्यावर पापड वाळत घातलेल्या बाईने पापड उचलून आत नेले आणि खुर्ची बाहेर आणली.

"कापून आणू अक्का," गुरुसिद्धप्पा घाम पुसत म्हणाला. "मधी दोन तुकडं करू, वर नेऊन वेल्डिंग मारू. लई पक्कं बसतंय."

"मध्येच?"

"मग काय कडेला?"

"अरे, सगळा भार मध्येच येणार की! ज्या जागी वाकणार त्याच जागी जोड देतोस?"

"मग इमान आणा आणि वरनं सोडा," तो चिडून म्हणाला. "क्रेन शिरत न्हाय, हे धूड वळत न्हाय. मी काय गिळू ह्याला?"

हमाल निघून गेले. गर्डर गल्लीत आडवा पडला. शाळेतून येणारी पोरं त्याच्यावरून उड्या मारू लागली. आपा आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"रुपाली, तू कायकू रोती?"

"रडत नाही आपा. डोळ्यांत धूळ गेली."

"मेरे भी गई," म्हणून आपा त्या गर्डरवरच बसल्या. "ये नहीं गया तो मी आपली पोरीकडे जाते. तू घर पाड. मैं बुरा नहीं मानती."

रुपालीला आपांच्या त्या चांगुलपणाचाच राग आला.

संध्याकाळी ती घरी आली तर भीमाशंकर, तिचा नवरा, पांढरे कपडे घालून निघायच्या तयारीत. टॉवेलच्या कारखान्यात मागांची देखभाल करणारा, जॉबर असलेला हा माणूस डिसेंबर लागला की रोज संध्याकाळी गायब. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत जे उंचच्या उंच नंदीध्वज उभे पेलून गावभर फिरवतात, त्यातली एक काठी धरणाऱ्यांत तो असतो. त्याचा सराव चालू होता.

"सिलिंडर बदलायला सांगितला की कंबर धरतीय," रुपाली फणकारली, "आणि काठीला मात्र खांदा तयार."

"सिलिंडरला देव न्हाय," भीमाशंकर म्हणाला आणि चपला शोधू लागला.

आणि रुपाली दारात तशीच थांबली. उंच काठी. पेठेतल्या गल्ल्या. वायरी, पत्रे, बाल्कन्या. दरवर्षी ती काठी यातूनच तर जाते. आडवी नाही, उभी!

"अहो! थांबा! तुमी लोक वळणावर काय करता?"

"कसलं वळण?"

"काठीचं! गल्ली वळली की?"

"करायचं काय? काठी उभीच असतीय. आमी फिरतो."

रुपालीने त्याची चप्पल स्वतः त्याच्या पायापुढे आणून ठेवली. लग्नाला अठरा वर्षं झाली, हे पहिल्यांदाच. भीमाशंकर घाबरलाच.

सरावाच्या जागी तिने सगळं एका दमात सांगितलं. पोरं हसली. भीमाशंकर मान खाली घालून उभा. काठीवाल्यांना शिकवणारे सिद्रामप्पा मात्र हसले नाहीत.

"गर्डर म्हंजे काठी न्हाय, पोरी. काठीला आमी आंघोळ करून, उपास धरून हात लावतो."

"मला माहीत आहे अप्पा. मी काठी मागत नाही. तुमचे खांदे मागते."

सिद्रामप्पांनी भीमाशंकरकडे बघितलं. "ही तुझी बायको व्हय? मग तू रोज हितं लवकर का येतोस ते कळलं." सगळे खो खो हसले. मग म्हाताऱ्याने विचारलं, "वजन किती? टोकाला भोक हाय का दोर ओवायला?"

रविवारी सकाळी गल्ली यात्रेसारखी भरली. रुपालीने वायरमनला गाठून वीज बंद करून घेतली होती आणि तो निघून जाऊ नये म्हणून त्याला आपांच्या हातचा चुरमुऱ्यांचा सुशीला देऊन ओट्यावर बसवलं होतं. गर्डरच्या वरच्या टोकाला चार दोर. दोन दोर दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर, एक पुढे, एक मागे. बुडाशी दोन जाड वासे आडवे बांधले, त्यांना चार गडी. भीमाशंकर उजव्या अंगाला पुढे.

"कुणी बोलायचं न्हाय!" सिद्रामप्पा ओरडले. "मी बोलणार. बाकी फक्त ऐकणार. उचला!"

गर्डर हळूहळू उठला. तिरपा झाला, उभा झाला, आणि आकाशात गेला. खालून कुणीतरी "आई गं" म्हणालं. बाल्कनीतल्या बायका आत पळाल्या आणि लगेच परत बाहेर आल्या.

"डावा दोर ढिला! ढिला म्हणलं की, सोड म्हणलं न्हाय! भीमा, पाय बघू नको, टोक बघ!"

उभा गर्डर पहिल्या वळणावर आला. चौघे जागच्या जागी फिरले, जात्याचा वरचा दगड फिरावा तसे. वळण पार! टाळ्या वाजणार तोच सिद्रामप्पांनी हात वर केला. पुढे वायरी होत्या. गच्चीवरच्या पोरांनी बांबूने त्या उचलून धरल्या. गर्डरचं टोक थोडं झुकलं, पुढचा दोर ताणला, मागचा सुटत गेला; टोक वायरींखालून निघालं आणि पुन्हा ताठ झालं. भीमाशंकरच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या तटतटल्या होत्या. रुपालीने आपांचा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी पिचली. दोघींनाही कळलं नाही.

दुसरं वळण. अर्ध्यात एक गडी ओट्याला अडखळला. गर्डर भिंतीकडे कलला. गच्चीवरचे दोघे अंग मागे टाकून दोराला लोंबकळले, आणि भीमाशंकरने वाशाखाली खांदाच घातला.

"धरलाय!" तो ओरडला. "अप्पा, धरलाय! बोला!"

"फिर!"

फिरला. समोर घराचं उघडं दार. गर्डर आडवा झाला आणि कुठेही न घासता आत गेला. मग मात्र गल्लीने जो आवाज केला! गुरुसिद्धप्पा गर्डर वर चढवायची चेन पुली घेऊन सगळ्यांच्या आधी आत पळाला. "सरका, सरका, आता माझं काम हाय!"

दुपारपर्यंत गर्डर ठोकळ्यांवर बसला. गर्डर आणि छताच्या मधल्या फटीत लोखंडी पट्ट्या ठोकून घट्ट केल्या. इंजिनिअरने पातळी बघितली, मान हलवली. आता टेकू काढायचे. गुरुसिद्धप्पाने सगळ्यांना बाहेर घालवलं. रुपाली उंबऱ्यावरून हलली नाही.

पहिला टेकू सैल झाला. वर काहीतरी करकरलं. दुसरा. तिसरा. चौथ्याला गुरुसिद्धप्पाने हातोड्याचा हलका ठोका दिला आणि टेकू आपणहून बाजूला झाला. छत जिथे होतं तिथेच राहिलं.

"बसलं!" गुरुसिद्धप्पाने हातोडा खाली टाकला. "अक्का, बसलं बगा!"

रुपाली जिना चढून वर गेली आणि खोलीच्या मधोमध दोन्ही पायांनी उडी मारली. खाली आत शिरलेल्या गुलबानोआपा ओरडल्या, "अगं, मेरे सर पे है वो!" तिने पुन्हा उडी मारली. मग खिडकीतून गल्लीत वाकून तिने हाक दिली, "अहो! खांदा जाग्यावर हाय ना? मग आपांच्या मशिनी आणायला टेम्पो सांगा!"