चोपदार योहान, सेवेत १७०२ पासून

ट्राउटेनेक घराण्याला विसरभोळेपणाचा रोग होता असं कोणी म्हणू नये. सोळाच्या सोळा खापरपणजोबा-खापरपणज्या काउंटसाहेबांना झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येत. कोण कुठल्या गढीवरची, कोणी लग्नात कोणतं जंगल आणलं, कोण कोणत्या लढाईतून सर्वांच्या आधी घरी परतला, सगळं तोंडपाठ. आता एवढं सगळं डोक्यात कोंबल्यावर चोपदाराचं नाव ठेवायला जागा कुठून उरणार? म्हणून घराण्यानं फार पूर्वीच तोडगा काढला होता. १७०२ साली दारावर जो पहिला चोपदार उभा राहिला त्याचं नाव योहान होतं. तो मेल्यावर जो आला तोही योहान. त्याच्या नंतरचाही योहानच. आईबापांनी बाप्तिस्म्याच्या वेळी काय नाव ठेवलं, ही ज्याची त्याची खाजगी बाब.

तोबिआश कुडेल्का हा आठवा योहान.

त्याला यात कमीपणा वाटत असेल, तर छे! स्वारी खूश होती. ल्होटिन गावच्या गुत्त्यात आलुबुखाराच्या दारूचे दोन घोट पोटात गेले की तो छाती काढून म्हणे, "राजाला नंबर असतो आणि मला नंबर आहे. तुमच्यात आहे का कोणाला?"

"माझ्या मेव्हण्याला आहे, काका," शिमोन लोहार म्हणे. "ब्रनोच्या तुरुंगात."

तोबिआशचं काम सोपं नव्हतं. पाहुणे जेवायला आले की चांदीच्या मुठीची काठी फरशीवर तीनदा आपटायची आणि काउंटसाहेबांचं नाव, त्यांच्या पदव्या आणि घराण्याच्या अकरा जहागिरी एका दमात पुकारायच्या. दम तुटला तर पुन्हा पहिल्यापासून. पुकारा संपेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, असा त्या घराण्याचा कडक रिवाज होता आणि तो खुद्द काउंटसाहेबांनाही लागू होता. सूप गार होई, पाहुण्यांच्या पोटात कावळे ओरडत, पण योहान आठव्या जहागिरीपर्यंत आला असेल तर उरलेल्या तीन ऐकूनच आत जायचं. एक्केचाळीस वर्षं तोबिआशनं हे केलं. त्यामुळे तो जहागिरींविषयी बोलताना 'आपल्या' म्हणे.

"आपल्या अकरा जहागिरी," त्याची बायको रोझारा म्हणे, "आणि आपल्या खोलीला गळकं छप्पर. बाराव्या जहागिरीवर कौलं मिळतात का बघ."

ती खोली गढीच्या तबेल्यामागे होती, आणि ती तोबिआशची नव्हती, काठीची होती. ज्याच्या हातात काठी, त्याला खोली. सातव्या योहानचे गुडघे गेले तेव्हा काठी तोबिआशकडे आली, खोलीही आली, आणि सातवा योहान तालुक्याच्या निराधारगृहात आंबवलेल्या कोबीचं सूप पीत तीन महिन्यांत मेला. रोझारानं ते पाहिलं होतं. आणि गेल्या हिवाळ्यापासून तोबिआश जिना उतरताना कठडा धरू लागला होता, हेही ती पाहत होती.

मग महायुद्ध संपलं आणि व्हिएन्नाच्या बादशहाचं साम्राज्य गेलं. त्याच्या पाठोपाठ कायद्यानं पदव्या गेल्या. नंतर सरकारनं अकरापैकी नऊ जहागिरी घेतल्या आणि त्यांचे तुकडे भूमिहीनांना वाटायला काढले. काउंटसाहेबांनी हे सारं संयमानं घेतलं. तोबिआशला मात्र ते मान्य नव्हतं. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेऊन तो अकराच्या अकरा पुकारतच राहिला.

"अर्ज कर," रोझारा म्हणाली. "तळ्याकाठचं कुरण निघालंय वाटपाला. एक गाय बांधेन, एक खोली उठवू. तुझे गुडघे गेले तरी कोणी बाहेर काढणार नाही."

"ते कुरण आपलंच आहे."

"म्हाताऱ्या, आपलं असतं तर अर्ज कशाला करावा लागला असता?"

तोबिआश अर्ज लिहायला बसला. 'सध्या ताब्यात असलेली जमीन' या रकान्यात त्याचा हात आपोआप चालू लागला. तिसऱ्या जहागिरीपाशी रोझारानं त्याच्या हातातलं पेन हिसकावलं आणि नवीन कागद आणला.

अर्जासोबत मालकाचा दाखला हवा होता, अमुक माणूस अमुक वर्षं चाकरीत आहे असा. गढीच्या कचेरीनं तो तत्परतेनं दिला. कारकुनानं नोकरांची जुनी वही काढली, चोपदाराचं पान उघडलं आणि जे होतं ते सुंदर अक्षरात उतरवून काढलं. त्या पानावर एकच नोंद होती. दुसरी करायची कधी वेळच आली नव्हती.

वाटपाची सुनावणी शाळेत भरली. ब्रनोहून आलेल्या अधिकाऱ्यानं दाखला मोठ्यानं वाचला: "योहान, चोपदार. सन १७०२ पासून अखंड सेवेत. वर्तणूक समाधानकारक." मग त्यानं मान वर केली. "दोनशे एकोणीस वर्षं! तब्येत राखलीत हं, आजोबा."

सगळी शाळा हसली. तोबिआशही थोडा हसला, कारण हसणं म्हणजे कौतुक असावं असं त्याला वाटलं.

"पण अर्ज तोबिआश कुडेल्कांचा आहे," अधिकारी म्हणाला. "तीन वाजेपर्यंत त्यांच्या नावाचा दाखला आणा. नाहीतर कुरण यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल."

तोबिआश टेकडी चढून गढीवर गेला. काउंटसाहेब ग्रंथालयात होते. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि वरपक्षाला सोळा खापरपणजोबा-पणज्यांचा पुरावा हवा होता, म्हणून व्हिएन्नाहून खास वंशावळीचा तज्ज्ञ बोलावला होता. टेबलभर चर्मपत्रं पसरली होती.

"हुजूर, दाखल्यात नाव चुकलंय."

काउंटसाहेबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "योहान. बरोबर आहे की."

"माझं नाव तोबिआश कुडेल्का आहे, हुजूर."

"कधीपासून?"

"जन्मापासून, हुजूर."

काउंटसाहेब दुष्ट नव्हते. त्यांनी खरोखर विचार केला. "हे बघ योहान, तू भला माणूस आहेस, पण परक्यासाठी एवढी धावाधाव करू नकोस. या कुडेल्काला दाखला हवा असेल तर त्यानं स्वतः यावं. मी काय, नाही म्हणणार आहे?" मग ते तज्ज्ञाकडे वळले. "हं, तर बारावी. आडेलगुंडे. हे तर आमच्या चोपदारालाही पाठ आहे. योहान, त्या बाईंचं माहेर कुठलं रे?"

"फिन्स्टरबाखच्या धाकट्या पातीतल्या, हुजूर," तोबिआशनं ताबडतोब सांगितलं. "आईकडून ग्रोसलिंडच्या."

"पाहिलंत?" काउंटसाहेब अभिमानानं तज्ज्ञाला म्हणाले. "आमचा योहान!"

जिना अर्धा उतरल्यावर तोबिआशला कळलं की दाखला वरच राहिला. परत जावं असं त्याला वाटलं नाही. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला ट्राउटेनेक घराण्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. आडेलगुंडेबाईंचं माहेर त्यानं का सांगितलं?

शाळेत पोचला तेव्हा पावणेतीन झाले होते.

"दाखला नसला तर गावानं ओळख पटवली तरी चालते," अधिकारी म्हणाला. त्याला बिचाऱ्याला खरंच मदत करायची होती. "वडिलांचं आणि आजोबांचं नाव सांगा. दोन साक्षीदार हवेत."

तोबिआशनं सवयीनं काठी तीनदा आपटली. शाळेची जमीन लाकडी होती, आवाज दणकून आला. "तोबिआश कुडेल्का," त्यानं पुकारलं, "मातेइचा मुलगा, मातेइ..."

आणि तो थांबला. अकरा जहागिरी एका दमात ओलांडणारा तो दम दोन नावांत संपला. आजोबा त्याच्या जन्माआधीच गेले होते, आणि नंतर विचारायला त्याला सवड झाली नव्हती. परक्यांचे सोळा खापरपणजोबा-पणज्या पाठ करण्यात त्याचा सगळा वेळ गेला होता. भर सभेत त्याला इतकी लाज वाटली की कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मातेइ उर्बानचा!" रोझारा मागच्या बाकावरून उठून ओरडली. "सासूबाईंनी मला सांगितलंय. उर्बानला एका कार्प माशापायी पंचवीस फटके बसले. वळ मरेपर्यंत गेले नाहीत."

"खरंय," शिमोन लोहार म्हणाला. "आणि मासा होता त्याच तळ्यातला, जे उर्बानच्या बापानं खणलं. याकुब त्याचं नाव. माझा पणजा त्याच्याबरोबर घमेली वाहत होता."

"याकुबची बायको आपोलेना," कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली. "हंसं राखायची. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापली. तुझ्यासुद्धा आजोबाची, शिमोन, आणि ते रडलेच नाहीत म्हणून तिनं त्यांना दोन चापट्या मारल्या."

"त्यात काही चुकलं नाही तिचं," कोणीतरी म्हणालं.

मग थांबायला कोणी तयार होईना. ज्याला जे आठवलं ते त्यानं भरलं. तोबिआश काठी धरून ऐकत होता, दारात ताटकळणारे पाहुणे ऐकत तसा.

"अहो पुरे," अधिकारी हात वर करून म्हणाला. "मला फक्त आजोबा हवे होते." आणि त्यानं शिक्का मारला.

काठी त्याच संध्याकाळी गढीवर परत गेली, आणि तिच्याबरोबर खोलीही; घर उठेपर्यंत दोघं शिमोन लोहाराकडे राहिली. वहीत काही खोडावं लागलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एके सकाळी काउंटसाहेबांची बग्गी तळ्याजवळून चालली होती. कुरणात एक म्हातारा सदरा काढून लांब दांड्याच्या विळ्यानं गवत कापत होता. एक गाय होती, आणि अर्धी उठलेली भिंत. काउंटसाहेबांनी बग्गी थांबवली आणि ते पाय मोकळे करायला खाली उतरू लागले.

"कोणाचं रे हे कुरण?"

म्हाताऱ्यानं विळा उलटा केला आणि दांडा जमिनीवर तीनदा आपटला.

"तोबिआश कुडेल्काचं! तोबिआश मातेइचा, मातेइ उर्बानचा, ज्याला एका माशापायी पंचवीस फटके. उर्बान याकुबचा, ज्यानं हे तळं खणलं, आणि आपोलेनाचा, जिनं गावाची नाळ कापली..."

काउंटसाहेबांचा एक पाय बग्गीच्या पायरीवर होता आणि एक हवेत. तो त्यांनी तसाच धरला. पुकारा संपेपर्यंत पाऊल टाकायचं नाही, हे त्यांच्या अंगात सात पिढ्यांपासून भिनलेलं होतं. म्हाताऱ्यानं एकाच दमात शेवटपर्यंत नेलं, घाई केली नाही. संपल्यावर काउंटसाहेबांनी पाय खाली ठेवला आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"योहान?"

"योहान दारावर आहे, साहेब," तोबिआश म्हणाला. "नववा." आणि तो पुन्हा गवताला लागला, कारण ऊन वर यायच्या आत त्याला पलीकडची बाजू संपवायची होती.