ओळी पाखडणारा रत्नपाल

रत्नपाल गजभिये गोंदियाला जाऊन दिवसभर काय करतो, हे बेहडाटोल्यात कोणाला धड सांगता येत नसे. त्याची माय रुक्माबाई मात्र सांगे. बोअरिंगवर बायका जमल्या की हंडा खाली ठेवून सांगे, "आपण सुपानं तांदूर पाखडतो का नाई? खडे इकडं, दाने तिकडं. तसा माजा रत्नपाल कंप्युटरात ओळी पाखडते."

"अना पगार?" एखादी विचारे.

"पगारबी पाखडूनच भेटत असल," धुरपताबाई म्हणे, "म्हून तं त्याची सायकल काई बदलत नाई." अन् स्वतःच आधी हसे.

धुरपताबाई शेजारीण. मधे फक्त तुरीच्या काड्यांचं कुंपण. तिचा नवरा शालीकराम सात वर्षांमागं तापानं गेला, रुक्माबाईचा गुलाब त्याच्या दोन वर्षं आधी. धुरपताबाईच्या घरी देव्हारा, रुक्माबाईच्या घरी बुद्ध अन् बाबासाहेबांचा फोटो, पण कुंपणावरून भाजीची वाटी रोज इकडून तिकडं जाई. लग्नाकार्यात धुरपताबाई मागं मागं उभी राही, तेव्हा रुक्माबाई तिला दंडाला धरून पुढं ओढे. "नवरा मेला तं तू काय केलं वो? तू मारला का त्याले? आमी सोडलं ते सारं. तूबी सोड."

रत्नपालचं काम मायनं सांगितलं तसंच होतं. गोंदियात रेल्वे फाटकाच्या अंगाला दुर्गाप्रसादचं कंप्युटर सेंटर. दुर्गाप्रसाद याद्यांची कामं ठेक्यानं घेई. तीन मशिनी, त्या चालवायला लिनक्स, कारण ते फुकट मिळतं. नागपूरचा विवेक नावाचा इंजिनिअर चार महिने तिथं होता, त्यानं जाता जाता रत्नपालला काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करायला शिकवलं. ग्रेप म्हणून एक हुकूम आहे. त्याला शब्द द्यायचा, की हजारो ओळींतून तो शब्द असलेल्या तेवढ्या ओळी तो काढून देतो. त्याच्यापुढं डॅश आणि व्ही लावला, की उलटं होतं. शब्द असलेल्या ओळी बाहेर, बाकीच्या हाती. शब्दाच्या आधी एक टोपीसारखी खूण टाकली, तर ओळीच्या सुरुवातीलाच तो शब्द असेल तर धरतो, मधे असेल तर सोडून देतो. विवेक दर वेळी बजावे, "टोपी घातली का पाहून घे बे, अन् काढलेल्या ओळी डोळ्याखालून घाल." रत्नपाल हो म्हणे.

दुसऱ्या सेंटरांत पोरी पट्टी अन् लाल पेन घेऊन याद्या तपासत बसत. रत्नपाल एका ओळीत तेच काम करी अन् खुर्ची मागं रेलून चहा मागवी. त्याला त्याचा माज होता. खोटं कशाला बोला.

दोन हजार बाराच्या जानेवारीत गॅसचं काम आलं. अभयारण्याच्या कडेच्या सोळा गावांतल्या घरांना शेगडी अन् सिलेंडर द्यायचं होतं, म्हणजे बायका सरपणाला जंगलात जाणार नाहीत. यादी जुनी, पाच वर्षांपूर्वीची, एका घराची एक ओळ. गावोगावच्या समित्यांनी ती तपासून दिली होती. जो खातेदार मेला अन् ज्याच्या घरी आता कोणी उरलं नाही, त्याच्या ओळीच्या सुरुवातीला समितीनं 'मयत' असं लिहिलं होतं. त्या ओळी काढायच्या, एवढंच काम.

रत्नपालनं हुकूम टाईप केला. ग्रेप, डॅश व्ही, मयत. एक हजार नऊशे बारा ओळींतल्या एक हजार सातशे अकरा उरल्या. टोपी राहून गेली. काढलेल्या दोनशे एक ओळी त्यानं उघडूनही पाहिल्या नाहीत.

आता आपल्या इकडं विधवेचं नाव यादीत कसं लिहितात हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. जन्मापासून पाहत आला होता. धुरपताबाई मयत शालीकराम. बाईचं नाव, मग मयत, मग नवरा. रेशनकार्डापासून मतदार चिठ्ठीपर्यंत कुठंही पाहा. तो शब्द बाईच्या नावामागं असा बसलेला असतो की वाचणाऱ्याला तो दिसेनासा होतो. रत्नपालला दिसला नाही, हुकुमाला दिसला.

छापायच्या आधी त्यानं आपलं गाव तेवढं पाहिलं. कोणीही पाहील. माय नव्हती. त्यानं वर-खाली दोनदा शोधलं, नव्हतीच. टाईप करताना राहिली असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. मनात काहीतरी टोचलं होतं, नाही असं नाही. पण दुर्गाप्रसाद बॅग काखेत मारून दारात उभा होता. "हो गया क्या? साहब तीन बजे निकल जाते हैं." रत्नपालनं बेहडाटोल्याच्या शेवटी हातानं एक ओळ घातली. रुक्माबाई मयत गुलाब गजभिये. बापाच्या नावाआधीचा तो शब्द त्यानं स्वतःच्या बोटांनी टाईप केला, अन् तरीही थांबला नाही. यादी छापली गेली.

फेब्रुवारीत ग्रामपंचायतीसमोर मांडव पडला. पाहुण्यांनी नारळ फोडला, सवाशिणींनी सिलेंडरला हळदकुंकू लावलं, नावं पुकारली गेली. गावातल्या वीस विधवांपैकी एकोणीस जणींचं नाव आलं नाही. रुक्माबाईचं आलं. ती शेगडी घेऊन आली तेव्हा खूश होती. तिनं पहिला चहा केला अन् कुंपणावरून कप धुरपताबाईच्या हाती दिला.

"तुजं कधी येते वो?"

"आमचं कायले येईन?" धुरपताबाई म्हणाली. "भोजराज म्हणते, वरूनच यादी आली. हळदकुंकवाचं काम होतं ना. आमाले कोन बोलावते?"

तर गावानं हा असा अर्थ लावला होता. रांडमुंड बायका शुभकार्यात नकोत म्हणून वरच्यांनी वगळल्या. समितीचा अध्यक्ष भोजराज कानावर हात ठेवी, पण त्यालाही तेच खरं वाटत होतं. एकोणीस बायकांपैकी एकीनंही भांडण केलं नाही. मुकाट्यानं उठून घरी गेल्या, जशा लग्नाच्या मांडवातून जायच्या.

रुक्माबाईनं रात्रीच्या जेवणाला रत्नपालला हे सांगितलं, रागानं. "सरकारबी असंच? अना मंग माजं काऊन आलं?"

रत्नपालला सगळं एकदम समजलं. "काय माईत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सेंटर उघडताच त्यानं जुनी यादी काढली अन् टोपी घालून तोच हुकूम पुन्हा चालवला. अठ्ठावन्न ओळी निघाल्या. खरे मेलेले तेवढेच. उरलेल्या एकशे त्रेचाळीस जित्या बायका होत्या. त्यानं त्या एक एक वाचल्या. बेहडाटोल्याच्या वीस जणींना तो चेहऱ्यानं ओळखत होता. शामकला, जिनं त्याला लहानपणी कावीळ झाली तेव्हा झाडपाला दिला होता. धुरपताबाई.

त्यानं पडदा बंद केला. दुर्गाप्रसाद आत आला, त्याला नमस्ते केलं, अन् दुसऱ्या कामाला लागला. सांगितलं तर नोकरी जाईल, हे एक. पण दुसरं त्याहून जड होतं. चूक सांगायची तर मायची ओळही सांगावी लागेल. चूक झाली एवढं कोणीही ऐकून घेईल. चूक दिसली तेव्हा आपल्या घरचं तेवढं सावरलं, हे तो कोणत्या तोंडानं सांगणार होता? आज नाही उद्या, असं करत मार्च गेला.

धुरपताबाई एकदा कुंपणाशी आली. "बाबू, तू कंप्युटरवाला ना? पाय ना माजं नाव कुठं अडकलं."

"ते वरचं काम आहे काकी. आमच्या हातात नाई."

"होय का. मी म्हटलं, तुज्या मायचं आलं तं..." तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गॅस वाटल्यावर जंगलात मोळीची बंदी आली. घरी गॅस असो नसो. एप्रिलात एका सकाळी धुरपताबाई नाल्याच्या अंगानं शिरली अन् परतताना सापडली. जंगलखात्याच्या गार्डनं मोळी उतरवली, कुऱ्हाड ठेवून घेतली, अन् साहेब येईस्तोवर नाक्यावर बसवून ठेवली. साहेब दुपारी आले. तोवर वाघ पाहायला आलेल्या जिप्सी गाड्या तिच्यासमोरून जात होत्या. एका गाडीतल्या बाईनं तिचा फोटो काढला. धुरपताबाईनं पदर तोंडावर ओढला, तर त्या बाईनं आणखी एक काढला.

हे तिनं स्वतःच संध्याकाळी सांगितलं, हसत. "वाघ नाई दिसला असल, म्हून मले काढलं."

रुक्माबाई हसली नाही. उठून आत गेली, अन् त्या दिवसापासून तिची चूलच पेटू लागली. शेगडीवर तिनं पोतं टाकलं. रत्नपालनं विचारलं, "गॅस संपला का माय?"

"भरला हाय," ती म्हणाली. "धुरपता तिकडं खाली मान घालून बसते अना मी वर मान करून पेटवू का? नाई होत मज्यानं." मग त्याच्याकडं न पाहता, "तुले काई सांगाचं असल तं सांग."

त्यानं तेव्हाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आधी दुर्गाप्रसादला सांगितलं, सगळं, मायच्या ओळीसकट. दुर्गाप्रसादनं ऐकून घेतलं, पानाची पिचकारी टाकून आला अन् खुर्चीत बसला.

"अरे, तो दस मिनट का काम था," तो म्हणाला. "पूरक यादी इकत्तीस मार्च तक ले रहे थे. एक कागज देना था, बस. अभी बोल रहा है? अब अगले साल का कोटा आएगा, तब." त्यानं रत्नपालला काढलं नाही. तेवढी माया त्यानं केली की सोय पाहिली, कोण जाणे. "नौकरी का डर था? मैं आदमखोर हूं क्या?"

म्हणजे भीतीही फुकटची होती. चूक एका टोपीची. वर्ष मात्र त्याच्या गप्प बसण्यानं गेलं.

एक मेच्या ग्रामसभेत तो उभा राहिला. बायका एका बाजूला सतरंजीवर, त्यांत रुक्माबाईही. त्यानं सांगितलं. मयत शब्द कसा मधे येतो, हुकुमानं तो कसा धरला, आपण टोपी कशी विसरलो. "वरच्यांनी तुमाले वगळलं नाई. हळदकुंकवासाठी नाई. मी वगळलं. न पायता."

भोजराजनं मोठा श्वास सोडला. "आता कसं! गाव मले शिव्या देऊन राहिलं होतं तीन महिने. लिवा सचिवसाहेब, कंप्युटरची चूक."

हे तिथंच संपलं असतं. सचिवानं पेन उचललं होतं. पण शामकला म्हातारी मागून बोलली, तिचा आवाज आधीच बारीक. "बाबू, सारे गेले म्हणते. मंग तुज्या मायचं कसं रायलं?"

रत्नपालनं मायकडं पाहिलं. ती समोर पाहत होती, जशी ती त्याच्या निकालाच्या दिवशी शाळेत बसली होती. काही मदत करणार नव्हती.

"मी टाकलं," तो म्हणाला. "गेलं होतं तिचंबी. मी पायलं, अना हातानं टाकलं."

"हातानं टाकता येते?" धुरपताबाईनं विचारलं. ती खरंच विचारत होती.

"येते."

"आमचंबी येत होतं?"

"येत होतं काकी."

धुरपताबाईनं मान हलवली, बाजारात भाव ऐकून हलवावी तशी. पदर सावरून उठली, अन् तिच्यामागं एक एक करून बाकीच्या उठल्या. रुक्माबाई शेवटी उठली. पोराच्या बाजूनं न जाता बायकांच्या मागून गेली.

पुढच्या कोट्यात, माय सोडून उरलेली एकशे बेचाळीसही नावं लागली, रत्नपालनं ती पट्टी अन् लाल पेन घेऊन तीनदा वाचली. पण ते पुढल्या साली. मधलं अख्खं वर्ष धुरपताबाई शेण्या थापत होती, गावठाणातल्या बाभळीच्या काट्याकुट्या वेचत होती, अन् डोक्यावर भारा घेऊन त्याच्या दारावरूनच जात होती, कारण रस्ता तोच. ती त्याला ओरडली नाही, वाकडं बोलली नाही. सायकलवरची थट्टा तेवढी तिनं बंद केली. रत्नपालनं घरून निघायची वेळ अर्धा तास आधीची केली. तरी ती कधी कधी लवकर येई. मग तो सायकल हातात धरून कुंपणाशी उभा राही, भारा पुढं जाईस्तोवर.