मंग पाहुणा जाईन कसा?

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुमच्यासाठी केलेल्या लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावत होते. उरलेल्या चिठ्ठ्या लावल्या आणि मगच खाली बसले... मुलांनो, तुमची आजी अशीच आहे.

सुमन आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालो. ती बाभुळगावजवळच्या एका गावात शिक्षिका झाली, मी यवतमाळच्या, शेतकऱ्यांचा कापूस विकत घेणाऱ्या जिनिंगवाल्यांची सून. चौथीच्या मुलांना ती नाटक लिहायला शिकवायची. वर्गासमोर रिकामी खुर्ची ठेवून विचारायची, "हिच्यावर कोण बसलं? त्याले काय पायजे? अन् कोण देत नाही?" एवढं ठरलं की पोरं लिहायला बसत. नियम एकच. नाटकात ज्याला आत आणलं, त्याला बाहेर कसं काढायचं तेही लिहिणाऱ्यानंच शोधायचं.

कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. भावाची वाट बघत कापूस घराघरांत पडून होता. रेणू नावाच्या मुलीनं खुर्चीवर कापसालाच बसवलं. तो पाहुणा म्हणून येतो, खाट बळकावतो, आजीला अंगणात झोपवतो, घरभर सगळे अंग खाजवतात. सुमननं तालीम बघायला बोलावलं होतं, मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. शेवटी घरची मुलगी विचारते, "पाहुणे, जाता कवा?" पाहुणा म्हणतो, "जिनवाले बरा भाव देतीन तवा. आता तं फुकटच नेऊन राह्यले."

माझं हसू थांबलं. गॅदरिंगची प्रमुख पाहुणी मीच होते. पडदेही आमच्याच जिनिंगनं दिलेले.

"सुमन, तेवढं वाक्य काढ गं."

"मी काहून काढू? नाटक तिचं हाय. तिलेच विचार."

मी खरंच विचारलं. रेणू पेन्सिल चावत विचारात पडली. तिला माझा राग आला नव्हता, तिची अडचण खरी होती. "मंग पाहुणा जाईन कसा, बाई?"

गॅदरिंगच्या दिवशी डोकं दुखत असल्याचा निरोप धाडला. पहिल्या रांगेतली माझी खुर्ची सुमननं रिकामीच ठेवली होती म्हणे. पुढे दरवर्षी तिचं बोलावणं यायचं, "नवीन नाटक हाय, ये." मी गेले नाही. तिनं कधी कारण विचारलं नाही...

मागच्या आठवड्यात तिच्या घरी गेले. वर्गातली ती खुर्ची शाळेनं तिला निवृत्तीच्या वेळी दिली होती. खिडकीशी ठेवलेली. "बसा ना, मावशी," तिची मुलगी म्हणाली.

मी उभीच राहिले. हिच्यावर कोण बसलं, तिला काय पाहिजे होतं, ते न देणारी कोण... तिन्ही उत्तरं मला येत होती.