वडिलांच्या जीपचं नवं स्टेअरिंग

ग्रीसचा वास आला की मला हर्सूलच्या रस्त्यावरचं ते गॅरेज आठवतं. वडिलांच्या खांद्यात जोर उरला नव्हता, जुन्या जीपचं जड स्टेअरिंग त्यांना ओढवेना. भावंडं म्हणाली, विकून टाका. मी, घरातला स्वयंघोषित इंजिनिअर, इरेला पेटलो. पुढचा सरळ एक्सल नि स्प्रिंगचे पाटे काढून भंगारातल्या एका मोटारीचं सस्पेन्शन बसवून घेतलं, दोन्ही चाकं वेगवेगळी वर-खाली होऊ देणारं, आणि सोबत पॉवर स्टेअरिंग. "भाई, अब मक्खन है," मिस्त्री म्हणाला. वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले. पहिल्याच वळणावर त्यांनी आयुष्यभराच्या सवयीनं सगळा जीव एकवटून स्टेअरिंग ओढलं. जीप गर्रकन फिरली आणि थेट नालीत गेली. लागलं कुणालाच नाही. मी म्हणालो, "होईल की सवय." त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू लई बेस केलंस रे. पण किती जोर लावायचा, तेच आता मला कळंना." त्यानंतर ते शेवटपर्यंत रिक्षानंच फिरले. ती जीप मी अजूनही एका बोटानं वळवतो, आणि पाहुणे माझ्या हाताचं कौतुक करतात.